चकतीतला थेंब, कानातला जबडा

दीड वर्षापूर्वी माझ्या कंबरेतली एक चकती सरकली. खाली पडलेलं पेन उचलायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली. एकावर एक रचलेले मणके, दर दोन मणक्यांमध्ये एकेक चकती, प्रत्येक चकतीचा गाभा पांढरा. खालून दुसरी तेवढी काळवंडलेली आणि मागच्या बाजूला फुगलेली. "आतला जेलीसारखा गर बाहेर डोकावतोय आणि नस दाबतोय," ते म्हणाले.

पुढचे काही आठवडे पडून वाचण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. हा गर येतो कुठून, एवढंच बघायला गेलो होतो. कळलं ते असं, की माझ्या सांगाड्यात त्याच्याइतकं जुनं दुसरं काही नाही. पाठीच्या कण्यात तो कण्याच्याही आधीपासून आहे.

गर्भ तीन आठवड्यांचा असतो तेव्हा त्याच्यात एकही हाड नसतं. पण पाठीच्या बाजूने डोक्याकडून शेपटीकडे जाणारी एक बारीक, लवचीक दांडी तयार व्हायला लागलेली असते. पाठ्यपुस्तकात तिला पृष्ठरज्जू म्हणतात. (चेतारज्जू वेगळा. ती मेंदूतून निघालेली मज्जातंतूंची जुडी, आणि ती या दांडीच्या वरून जाते. नावं इतकी सारखी, की परीक्षेत हमखास गोंधळ होतो.) पाण्याने गच्च भरलेली, दोन्ही तोंडं बंद केलेली रबरी नळी डोळ्यांसमोर आणा. आतल्या पेशी द्रवाने टम्म फुगलेल्या, बाहेरून घट्ट आवरण. वाकवली तर वाकते, पण दाबून आखूड करता येत नाही. पोहणाऱ्या जिवाला नेमकं हेच लागतं. गांडूळ लांबीच्या दिशेचे स्नायू आवळतं तेव्हा त्याचं अंग आखूड होतं. आत अशी दांडी असली की एका बाजूचे स्नायू आवळल्यावर अंग त्या बाजूला वळतं, मग दुसऱ्या बाजूला, आणि शेपटी पाणी मागे रेटत राहते.

अशी दांडी असलेल्या जिवांचे जीवाश्म बरेच जुने आहेत. चीनच्या युन्नान प्रांतात चेंगज्यांगच्या खडकांत हायकोउइक्थिस नावाचा, करंगळीपेक्षाही लहान, मासासदृश प्राणी सापडला. वय सुमारे ५१.८ कोटी वर्षं. कॅनडातल्या बर्जेस शेल या खडकांतला पिकाया त्याच्या थोडा नंतरचा. हाड दोघांनाही नव्हतं. आजही लॅम्प्री नावाचा बिनजबड्याचा, वामसारखा दिसणारा मासा जन्मभर याच दांडीवर जगतो. तिच्यावर कूर्चेचे छोटे छोटे तुकडे बसवलेले असतात, तेच त्याचे मणके. कूर्चा म्हणजे नाकाचा शेंडा आणि कानाचा वरचा भाग दाबल्यावर लागते ती, हाडापेक्षा मऊ.

आपल्या गर्भातही क्रम तोच असतो. आधी दांडी, मग तिच्याभोवती मणके. मणका जिथे घट्ट होतो तिथे दांडी चेपून नाहीशी होते, आणि दोन मणक्यांच्या मधल्या फटीत उरते. तिथला उरलेला थेंब म्हणजे चकतीचा गर.

मणके बनण्यात एक सुरेख युक्ती आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. गर्भाच्या पाठीवर दोन्हीकडे मण्यांच्या माळेसारखे खंड उमटतात. प्रत्येक खंडातून थोडा स्नायू आणि थोडं हाड बनतं. वाटेल, की एका खंडाचा एक मणका. तसं झालं असतं तर स्नायूची दोन्ही टोकं एकाच मणक्यावर आली असती, आणि दाराच्या एकाच फळीवर दोन्ही बाजूंनी ठोकलेल्या बिजागरीसारखी गत झाली असती. आवळला तरी हालचाल शून्य. म्हणून प्रत्येक खंडाचा हाडाकडे जाणारा भाग मधोमध दुभंगतो. वरच्या खंडाचा खालचा अर्धा आणि खालच्या खंडाचा वरचा अर्धा मिळून एक मणका बनतो. स्नायू आपोआप सांध्यावरून पलीकडे जातात.

आता हाडाकडे वळू. सांगाडा म्हटलं की आपल्याला आतलं काहीतरी आठवतं, पण हाड पहिल्यांदा आलं ते बाहेर, कातडीत. साधारण ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रांत चिलखत घातलेले बिनजबड्याचे मासे होते. बोलिव्हियात सापडलेला साकाबाम्बास्पिस त्यांतलाच एक. डोक्यावर हाडाच्या ढाली, अंगावर हाडाचे खवले, आणि त्यांच्या पृष्ठभागावर बारीक उंचवटे. हे उंचवटे कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर दंतिन दिसतं, म्हणजे आपल्या दातांच्या आतला तोच पदार्थ. दात तोंडात येण्याच्या आधी कातडीवर होते. आत मात्र अजून दांडी आणि कूर्चाच.

ते चिलखत आपण पूर्ण उतरवलेलं नाही. तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून हलका हात फिरवला की टाळू लागते आणि तिथे आतली धडधड जाणवते. टाळू म्हणजे कवटीच्या पत्र्यांमधली अजून न भरलेली फट. हे पत्रे कातडीखालच्या पडद्यात थेट हाड म्हणूनच तयार होतात, कूर्चेच्या पायरीवरून जातच नाहीत, कारण ते जुन्या ढालींचे वारस आहेत. गळ्याखालची दोन आडवी हाडं, ज्यांना आपण कॉलर बोन म्हणतो, तीही बरीचशी याच घराण्यातली. माशात ती कल्ल्यांच्या मागच्या चिलखतात बसलेली होती. मांडीचं हाड, दंडाचं हाड, मणके यांची रीत वेगळी. त्यांचा आधी कूर्चेचा साचा बनतो आणि मग साच्याच्या जागी हाड भरत जातं. लहान मुलाच्या एक्स-रेमध्ये लांब हाडांच्या टोकांजवळ काळी रेघ दिसते ना, ती फ्रॅक्चर नव्हे, अजून कूर्चाच असलेली वाढीची पट्टी. थोडक्यात, आपल्या अंगात दोन सांगाडे एकमेकांना जोडून दिलेले आहेत. एक मूळचा बाहेरचा, एक मूळचा आतला.

हाड म्हणजे काय, हे घरी तपासता येतं. एखादं बारीक, स्वच्छ केलेलं हाड व्हिनेगरमध्ये आठवडाभर बुडवून ठेवा. आम्लात त्यातला कॅल्शियम फॉस्फेट विरघळतो आणि उरतं ते रबरासारखं वाकतं. तो कोलॅजेन या प्रथिनाचा धाग्यांचा सांगाडा. उलट हाड जाळलं तर धागे जातात, खनिज राहतं, आणि ते बोटाने चुरडतं. धागे ताण सोसतात, खनिज दाब सोसतं. शिवाय गरज पडली की शरीर हाडातून कॅल्शियम आणि फॉस्फेट काढून घेतं. त्या अर्थी हाड ही तिजोरीही आहे.

शार्कबद्दलचा एक गैरसमज इथेच मोडून टाकतो. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, म्हणून शार्क हाडाच्या आधीचे, असं बरीच वर्षं शिकवलं जायचं. पण शार्कच्या कातडीत दातांसारखे बारीक खवले आहेतच. आणि मंगोलियात सापडलेल्या मिंजिनिया या सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीच्या चिलखती माशाच्या कवटीत आतलं हाडही दिसलं, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. हा मासा शार्क आणि बाकीचे मासे वेगळे होण्याच्या आधीच्या फांदीवरचा आहे. म्हणजे शार्कच्या पूर्वजांकडे हाड असावं आणि शार्कांनी ते सोडून दिलं असावं. हलकं अंग पाण्यात परवडतं.

आता जबडा. मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही आहे, म्हणून इथे जरा रेंगाळणार.

कानाच्या भोकाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली काहीतरी सरकतं. तो जबड्याचा सांधा. त्याच्या मागेच, अगदी थोड्या अंतरावर, मधल्या कानात तीन हाडं आहेत: हातोडा, ऐरण आणि रिकीब. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यात छोटं हाड. सांधा आणि कान इतके शेजारी कसे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. उत्तर असं, की ती एकेकाळी एकच जागा होती.

माशाच्या घशाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांना आधार देणाऱ्या कमानी असतात. गर्भात आपल्यालाही त्या मालिकेतल्या कमानी उमटतात. पहिल्या कमानीपासून जबडा बनतो. दुसरीतला वरचा तुकडा माशामध्ये जबड्याला कवटीशी टेकू देतो. जमिनीवरच्या प्राण्यांत कवटी आणि जबडा नीट जुळले, तो टेकू मोकळा झाला, आणि कवटीला चिकटून होताच, म्हणून हादरे आत पोचवायला लागला. ती आपली रिकीब. सरड्याच्या कानात आजही ते एकच हाड आहे.

हातोडा आणि ऐरणीची कहाणी आणखी चक्रावणारी. सरड्याच्या खालच्या जबड्यात बरीच हाडं असतात आणि सांधा असतो तो सर्वांत मागच्या हाडात. आपल्या खालच्या जबड्यात एकच हाड, दात धरणारं. मग बाकीची गेली कुठे? १८३७ मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल राइशर्ट यांनी सस्तन प्राण्यांच्या गर्भांचं बारकाईने निरीक्षण करून सांगितलं, की हातोडा आणि ऐरण म्हणजे सरड्याच्या जबड्याच्या सांध्यातली तीच दोन हाडं. गर्भात हातोडा खरोखर खालच्या जबड्याच्या कूर्चेच्या मागच्या टोकाला जोडलेला दिसतो. ही जोडणी नंतर तुटते.

यावर सरळ आक्षेप घेता येतो. सांधा एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर जाताना मधल्या पिढ्यांनी खाल्लं कसं? जबडा निखळून पडला नसता का? याचं उत्तर खडकांनी दिलं. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गानुकोडॉन या उंदराएवढ्या प्राण्याच्या जबड्याला एकाच वेळी दोन सांधे होते, जुना आणि नवा, शेजारीशेजारी. नवा भार घेत गेला, जुना बारीक होत ऐकण्याच्या कामाला लागला. अपोसम या अमेरिकेतल्या, पोटाला पिशवी असणाऱ्या प्राण्याचं पिल्लू आजही अर्धवट वाढलेलं जन्मतं. त्या वेळी त्याच्या कानाची हाडं जबड्याला चिकटलेली असतात आणि पिशवीत दूध पिता पिता ती सुटी होतात.

हातपायांकडे जरा भरभर जाऊ. तुमच्या दंडात एक हाड आहे, कोपराखाली दोन, मनगटात बारक्या हाडांचा पुंजका, पुढे बोटं. मांडीपासूनही तेच. वटवाघळाच्या पंखात तेच, देवमाशाच्या वल्ह्यात तेच, घोड्याच्या पायातही तेच. घोडा खरं तर चारही पायांच्या मधल्या एकेका बोटावर उभा असतो आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. कुत्र्याचा मागचा गुडघा उलटा वाकतो असं आपल्याला वाटतं, पण ती त्याची टाच असते. गुडघा वर पोटाजवळ असतो आणि कुत्रा सतत चवड्यावर चालत असतो.

हा एक-दोन-अनेक असा आराखडा माशांच्या परांत सुरू होतो, पण सगळ्यांच्या नाही, मांसल परांच्या एका शाखेत. १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाळ्यात आलेला सीलाकँथ याच शाखेतला. तो डायनासोरांबरोबर संपला असं तोवर सगळे धरून चालले होते. २००४ मध्ये कॅनडाच्या उत्तरेला एल्समिअर बेटावर नील शुबिन, टेड डेश्लर आणि सहकाऱ्यांना टिक्टालिक सापडला. वय सुमारे ३७.५ कोटी वर्षं. अंगावर खवले, पराच्या कडेला माशासारखे काटे, पण पराच्या आत दंडाचं हाड, कोपर आणि मनगटासारखा वाकणारा सांधा. त्याहून लक्षात राहण्यासारखी त्याची मान. माशाला मान नसते, कारण त्याच्या खांद्याची हाडं कवटीलाच जोडलेली असतात. मागे वळून पाहायचं तर माशाला अख्खं वळावं लागतं. टिक्टालिकचं डोकं खांद्यापासून सुटं झालेलं आहे.

पाय जमिनीवर चालण्यासाठी आले, हेही तितकंसं खरं नाही. ग्रीनलंडच्या अकँथोस्टेगा या चार पायांच्या प्राचीन प्राण्याला पुढच्या पायाला आठ बोटं होती. १९८७ मध्ये ब्रिटनच्या जेनी क्लॅक यांच्या तुकडीने त्याचे उत्तम जीवाश्म आणले, तेव्हा दिसलं की त्याला माशासारखे आतले कल्लेही होते आणि त्याचे पाय अंगाचं वजन पेलण्याजोगे नव्हते. बोटं असलेला पाय पाण्यातच घडला. बहुधा उथळ, झाडोऱ्याने भरलेल्या पाण्यात. जमीन नंतर आली, आणि पाचावर स्थिरावणंही नंतरचं.

कणा वाकण्याची दिशाही वारशाने येते. मासा डावी-उजवीकडे वाकतो, आणि पळणारा सरडाही तसाच वळवळतो. पाण्यातली सवय त्याने जमिनीवर आणली, पण त्याची किंमत मोजतो. अंग डावीकडे वाकलं की डावं फुप्फुस चेपतं, उजवं फुगतं, हवा एकातून दुसऱ्यात जाते, बाहेरून नवी येत नाही. म्हणून सरडा जोरात पळतो, थांबतो, श्वास घेतो, पुन्हा पळतो. सस्तन प्राण्यांत पाय अंगाखाली आले आणि कणा वर-खाली वाकायला लागला. चौखूर उधळलेला घोडा प्रत्येक झेपेला एक श्वास घेतो. पळणं आणि श्वास एकमेकांना मदत करतात.

आता पाण्यात पाहा. माशाची शेपटी उभी, डावी-उजवीकडे हलते. देवमाशाची आडवी, वर-खाली हलते. तो पळणाऱ्या प्राण्यांचा वंशज, म्हणून पाण्यात उतरून कोट्यवधी वर्षं झाली तरी कणा वर-खालीच वाकतो. त्याचा चार पायांचा नातलग कश्मीरच्या खडकांत सापडला: इंडोह्यूस, मांजराएवढा, खुरांचा, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी ते दगड गोळा करून ठेवले होते. त्यांच्या पश्चात ते हान्स थेविसन यांच्याकडे गेले. एक कवटी साफ करताना चुकून तुटली आणि कानाच्या हाडाची आतली भिंत दिसली. ती जाड होती, जशी देवमाशांच्या कुळात असते. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. देवमाशाच्या पोटात मागच्या बाजूला कंबरेच्या हाडाचे दोन लहान तुकडे आजही सुटे तरंगत असतात.

कासवाबद्दल एवढंच सांगतो: त्याची पाठ म्हणजे रुंद होऊन जुळलेल्या बरगड्या आणि मणके. त्यामुळे त्याच्या खांद्याची हाडं बरगड्यांच्या आत आहेत. असं दुसऱ्या कुणाचंही नाही. तुम्हाला हे करायचं तर स्वतःचे खांदे छातीच्या पिंजऱ्यात घालावे लागतील. चीनमधल्या सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या ओडोंटोकेलिसला पोटाचं कवच पूर्ण होतं, पाठीचं अर्धवट, आणि तोंडात दात होते.

आणि आता परत माझी कंबर. भेटायला आलेला प्रत्येक जण सांगून गेला, की माणूस दोन पायांवर उभा राहिला तिथेच चुकलं. त्यात तथ्य आहे. चार पायांवर कणा पुलासारखा टांगलेला असतो. आपण त्याचा खांब केला. नवजात बाळाचा कणा साधारण एकाच बाकाचा असतो. बाळ मान धरतं तेव्हा मानेचा बाक ठळक होतो, उभं राहून चालायला लागतं तेव्हा कंबरेचा. सर्वांत जास्त भार खालच्या दोन-तीन चकत्यांवर येतो. पण सगळा दोष उभं राहण्यावर टाकणं मला पटलेलं नाही, कारण डॅक्सहुंड. लांबट अंगाच्या, आखूड पायांच्या या कुत्र्यांना चकती सरकण्याचा त्रास इतका होतो, की पशुवैद्यांना तो पाठ असतो. ते चार पायांवरच चालतात. फरक चकतीच्या आत आहे. बऱ्याच जातींच्या कुत्र्यांत पृष्ठरज्जूच्या मूळ पेशी चकतीत दीर्घकाळ टिकतात. डॅक्सहुंडमध्ये त्या लवकर जातात, गर कोरडा पडतो, कडक होतो. माणसातही त्या पेशी लहानपणीच कमी होत जातात.

सहा महिन्यांनी माझ्या पायातल्या मुंग्या थांबल्या. शस्त्रक्रिया करावी लागली नाही. चकतीच्या आत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे हा गर गर्भावस्थेपासून बंद खोलीत राहिलेला असतो आणि शरीराच्या पहारेकऱ्यांची त्याची ओळखच झालेली नसते. तो बाहेर आला की पांढऱ्या पेशी त्याला परका समजून वेढतात आणि हळूहळू खाऊन टाकतात. दुसऱ्या फिल्मवर फुगवटा निम्म्याहून कमी झाला होता. चकती मात्र काळीच होती.